बोलीविना पडून राहणारा स्पेक्ट्रम : प्रश्न राखीव किमतीचा

जून २०२४ मध्ये झालेला दूरसंचार स्पेक्ट्रमचा ऑनलाइन लिलाव अवघ्या दोन दिवसांत, सात फेऱ्यांनंतर आटोपला. सुमारे ९६ हजार २३८ कोटी रुपये राखीव किमतीचा स्पेक्ट्रम विक्रीस ठेवण्यात आला होता. प्रत्यक्षात ११ हजार ३४० कोटी रुपयांच्याच बोली आल्या. ८००, २३०० आणि ३३०० मेगाहर्ट्झ तसेच २६ गिगाहर्ट्झ या चार पट्ट्यांना कोणीही बोली लावली नाही. २०१० मधील थ्रीजी स्पेक्ट्रमचा लिलाव मात्र ३४ दिवस आणि १८३ फेऱ्या चालला होता आणि त्यातून सरकारला सुमारे ६७ हजार ७१९ कोटी रुपये मिळाले होते. लिलावाची पद्धत मूलतः तीच असताना एका वेळी चढाओढ होते आणि दुसऱ्या वेळी संगणकाचे पडदे स्तब्ध राहतात, असे का घडते, हा प्रश्न केवळ दूरसंचार खात्यापुरता मर्यादित नाही. सार्वजनिक मालमत्तेच्या विक्रीशी त्याचा निकटचा संबंध आहे.

या लिलावात सहभागी कंपन्या आधी अनामत रक्कम भरतात आणि आपापल्या ठिकाणाहून संगणकाद्वारे फेरीगणिक बोली लावतात. मागणी पुरवठ्यापेक्षा अधिक असेल तर पुढील फेरीत किंमत वाढते. केवळ वाट पाहत बसणाऱ्या बोलीदाराचा पुढील फेऱ्यांतील हक्क कमी होतो. त्यामुळे बोली रेंगाळू नये, अशी व्यवस्था नियमांतच आहे. मात्र, किंमत वरच्या दिशेनेच जाऊ शकते. राखीव किमतीला ग्राहक मिळाला नाही, तर भाव उतरवत नेण्याची सोय या पद्धतीत नाही. पारंपरिक लिलावात ग्राहकांचा कल ओळखून दर सावरून घेणारा लिलावदार असतो. येथे तो नसतो. म्हणूनच लिलावाचे यशापयश बहुतांशी राखीव किमतीवर, म्हणजेच लिलावापूर्वी घेतलेल्या एका निर्णयावर अवलंबून असते.

त्याचा पहिला मोठा प्रत्यय नोव्हेंबर २०१२ मध्ये आला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये टूजी सेवेचे १२२ परवाने रद्द केल्यानंतर मोकळा झालेला स्पेक्ट्रम त्या वेळी विक्रीस काढण्यात आला. १८०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील ५ मेगाहर्ट्झसाठी देशपातळीवर १४ हजार कोटी रुपयांची राखीव किंमत ठरविण्यात आली. सुमारे २८ हजार कोटी रुपये अपेक्षित असताना हाती ९ हजार ४०७ कोटी रुपये आले. दिल्ली, मुंबई, कर्नाटक आणि राजस्थान या परिमंडळांत एकही बोली लागली नाही. देशातील सर्वांत मोठ्या बाजारपेठा रित्या राहिल्या, हे विशेष. या चार परिमंडळांतील किंमत ३० टक्क्यांनी कमी केल्यानंतरही मार्च २०१३ मध्ये त्यांना ग्राहक मिळाला नाही.

फेब्रुवारी २०१४ मध्ये चित्र पालटले. १८०० मेगाहर्ट्झसाठी देशपातळीवरील राखीव किंमत प्रति मेगाहर्ट्झ १ हजार ७६५ कोटी रुपयांवर आणण्यात आली. २०१२ मध्ये हाच दर २ हजार ८०० कोटी रुपये होता. या वेळी लिलाव ६८ फेऱ्या चालला आणि ६१ हजार १६२ कोटी रुपयांच्या बोली आल्या. दिल्ली आणि मुंबईतही राखीव किमतीच्या वर चढाओढ झाली. काही जुन्या परवान्यांची मुदत संपत आल्याने कंपन्यांची गरज निकडीची होती आणि रिलायन्स जिओसारखा नवा स्पर्धकही मैदानात होता, हेही नमूद करणे आवश्यक आहे. तरीही, आरंभीचा दर कमी असल्याने सरकारचे नुकसान झाले नाही. उलट अधिक बोलीदार आले आणि त्यांनीच किंमत वर नेली.

७०० मेगाहर्ट्झ पट्ट्याचा अनुभव अधिक बोलका आहे. या लहरी दूरवर पोहोचतात आणि इमारतींच्या आतही शिरतात. त्यामुळे विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात कमी मनोऱ्यांत सेवा देणे शक्य होते. २०१६ मध्ये या पट्ट्याची राखीव किंमत प्रति मेगाहर्ट्झ ११ हजार ४८५ कोटी रुपये ठेवण्यात आली. एकही बोली आली नाही. मार्च २०२१ मध्ये ती ६ हजार ५६८ कोटी रुपयांवर आली, तरी ग्राहक नव्हता. अखेर २०२२ मध्ये ३ हजार ९२७ कोटी रुपये दराने जिओने सर्व २२ परिमंडळांत १० मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम घेतला आणि तोही राखीव किमतीलाच. दरम्यान सहा वर्षे हा पट्टा दूरसंचार कंपन्यांच्या वापराविना राहिला.

हा अनुभव स्पेक्ट्रमपुरता नाही. जुलै २०२३ मध्ये भारतीय अन्न महामंडळाने खुल्या बाजारातील विक्री योजनेखाली ३.८६ लाख टन तांदूळ ई-लिलावात ठेवला. प्रति क्विंटल ३ हजार १०० रुपये राखीव किमतीला केवळ १७० टनांची खरेदी झाली. पुढील महिन्यात सरकारने ही किंमत २०० रुपयांनी कमी केली. दर चुकल्याचे लक्षात येताच महिनाभरात दुरुस्ती झाली. स्पेक्ट्रमच्या बाबतीत मात्र तशाच दुरुस्तीला वर्षे लागतात.

या विलंबामागे प्रशासनाची एक स्वाभाविक भीती आहे. टूजी परवाने वाटपात सरकारला १.७६ लाख कोटी रुपयांपर्यंत संभाव्य नुकसान झाल्याचा अंदाज नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांनी २०१० मध्ये मांडला होता. या प्रकरणातील सर्व आरोपींची विशेष न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये निर्दोष मुक्तता केली. तथापि, स्वस्तात विकल्याचा ठपका येण्यापेक्षा न विकलेले बरे, ही वृत्ती त्या वादातून बळावली. कमी दराने झालेल्या विक्रीची चौकशी होते. न झालेल्या विक्रीचा जाब सहसा कोणी विचारत नाही.

किंमत उतरविणे हाच सर्व दुखण्यांवरील उपाय आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. प्रत्येक फसलेल्या लिलावानंतर दर घटत गेला, तर थांबण्यातच लाभ आहे, असा धडा खरेदीदार घेतात. २०१० मध्ये थ्रीजीसाठी नऊ बोलीदार होते. २०२४ मध्ये जिओ, भारती एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया हे तीनच उरले. ग्राहक इतके मोजके असताना राखीव किंमत हेच सार्वजनिक तिजोरीचे मुख्य संरक्षण ठरते.

शिवाय, बोली थंडावण्याचे कारण दर वेळी दर हेच नसते. २०२२ मध्ये कंपन्यांनी फाइव्ह-जीसाठी सुमारे दीड लाख कोटी रुपयांचा स्पेक्ट्रम घेतला होता. दोनच वर्षांनी त्यांची नवी गरज मुख्यतः मुदत संपणाऱ्या परवान्यांपुरती होती. भूक भागलेल्या ग्राहकासमोर ताट स्वस्त केल्याने तो जेवायला बसत नाही. अशा वेळी दरापेक्षा लिलावाची वेळ आणि विक्रीचे प्रमाण यांचा विचार व्हायला हवा. २०१२ आणि २०१६ मध्ये मात्र दराचाच दोष मोठा होता. हे दोन प्रकार वेगळे ओळखणे, हीच विक्रेत्याची खरी कसोटी आहे.

न विकलेले सोने तिजोरीत राहते आणि पुढील वर्षीही तितकेच असते. स्पेक्ट्रमचे तसे नाही. त्याचा वापराविना गेलेला दिवस कायमचा जातो. त्या काळातील महसूल तर बुडतोच, शिवाय क्षीण संदेशामुळे ज्या गावात फोन लागत नाही, तेथील लोकांनाही त्याची किंमत मोजावी लागते. राखीव किंमत ठरविताना कागदावरील अपेक्षित रकमेइतकेच या न दिसणाऱ्या तोट्यालाही वजन दिले गेले पाहिजे.