चित्रकामासाठी संगणक घेताना

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचे निकाल लागले, की आमच्याकडे काही पालक एक प्रश्न घेऊन येतात. मुलाचा किंवा मुलीचा हात चांगला आहे, ग्राफिक डिझाइनचे काम शिकावयाचे म्हणते, तर घरी संगणक कोणता घ्यावा? प्रश्न साधा दिसतो. परंतु तो विचारणारा गृहस्थ बहुधा चाळीतल्या कांद्याचा भाव चढण्याची वाट पाहत असतो, आणि त्या पैशातून बियाणे, मजुरी व घरातील एखादे लग्न हेही भागावयाचे असते. म्हणून आमचे मत येथे सविस्तर मांडीत आहोत.

या कामास आपल्या गावी वाव नाही, असे कोणी समजू नये. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, कांद्याच्या गोणीवरील छाप, निफाड तालुक्यातील द्राक्षांच्या पेट्यांवरील चिठ्ठ्या, हे सर्व कोणीतरी रेखाटीत असतेच. लासलगावच्या कांद्यास भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या नावाला शोभेल अशी गोणी मात्र बाजारात आम्हांस अजून क्वचितच दिसते.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याची हकीकत सांगतो. वडिलांनी त्यास पंचावन्न हजार रुपये दिले. दुकानदाराने खेळांसाठी बनविलेला संगणक दाखविला. पेटीच्या बाजूस काच, आत निळेतांबडे दिवे, पंखे तर तीन. मुलगा भुलला, यात नवल नाही. पैसा त्यातच सरला आणि पडदा मात्र उरलेल्या रकमेत बसेल तो, म्हणजे दुकानातला सर्वांत हलका, घेतला गेला. पहिलेच मोठे काम पाचशे लग्नपत्रिकांचे आले. पडद्यावर झळाळणारा हळदीचा पिवळा रंग कागदावर हिरवट उतरला आणि कुंकवाचा लाल काळपट झाला. वधूपक्षाने पत्रिका परत केल्या. छपाईचे पैसे वडिलांनी भरले. यात मुलाच्या हाताचा दोष नव्हता. त्याच्या डोळ्यांना जे दाखविले गेले, तेच खोटे होते.

यावरून आमचे मत असे बनले आहे, की या कामासाठी संगणक घेताना पैसा प्रथम पडद्यावर खर्चावा, नंतर मेमरीवर, आणि पेटीच्या थाटावर एक पैसाही नाही. बाजारात याच्या नेमका उलट क्रम सांगितला जातो.

हा क्रम आमच्या पदरचा नाही. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात अल्प वेतनावर टाइप घासण्याचे काम करणारा जावजी दादाजी हा मुलगा पुढे मराठी मुद्रणाचा धुरीण झाला. त्यांनी 1864 साली आधी टाइपाचा कारखाना काढला आणि निर्णयसागर छापखाना त्यानंतर, 1869 साली. म्हणजे प्रथम अक्षर, मागाहून यंत्र. निर्णयसागरच्या ग्रंथांची जी कीर्ती झाली ती यंत्राच्या आकाराने नव्हे, अक्षराच्या वळणाने झाली.

तर पडदा कसा असावा? तो आयपीएस जातीचा असावा. अशा पडद्याकडे बाजूने पाहिले तरी रंग पालटत नाही. आकार चोवीस इंचांच्या आसपास पुरे. एसआरजीबी नावाचे जे रंगांचे प्रमाण ठरलेले आहे, त्याचा जवळजवळ शंभर टक्के भाग त्याने दाखविला पाहिजे. खोक्यावर 72 टक्के एनटीएससी असे लिहिलेले असल्यास तो स्थूलमानाने तेवढाच समजावा. 45 लिहिले असल्यास खोके परत ठेवावे. तथापि उत्तम पडदासुद्धा कागद नव्हे. पडदा लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाने रंग घडवितो, तर छापखाना निळी, किरमिजी, पिवळी व काळी शाई कागदावर चढवितो. म्हणून काही झगझगीत रंग शाईस साधतच नाहीत. मोठ्या कामापूर्वी एक नमुनाप्रत छापून पाहण्याचा कंटाळा कोणीही करू नये. वर सांगितलेल्या पाचशे पत्रिका एवढ्यानेही वाचल्या असत्या.

आता मेमरीचे गणित, आणि हे विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे. ए-थ्री आकाराचा कागद इंचास 300 ठिपके या प्रमाणाने घेतला तर 3508 गुणिले 4961, म्हणजे सुमारे 1 कोटी 74 लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्यास चार बाइट धरले, तर एका थरास जवळजवळ 70 मेगाबाइट लागतात आणि वीस थरांस 1400. म्हणून आठ जीबी रॅम अपुरी पडते आणि सोळा सुखाने पुरते. सोळा जीबीची एकच पट्टी घ्यावी व शेजारची खाच रिकामी ठेवावी. पुढे कमाई झाल्यावर दुसरी बसविता येते. मेमरीचे भावही कांद्यासारखेच लहरी असतात: 2025 च्या उत्तरार्धात ते जगभर एकाएकी भडकले. साठवणीसाठी पाचशे जीबीची एसएसडी पुरे. शिवाय केलेल्या कामाची दुसरी प्रत ठेवण्यास एक वेगळी डिस्क असावी.

हेच गणित फ्लेक्सला लावले म्हणजे एक गंमत कळते. दहा फूट गुणिले सहा फुटांचा फलक कोणी इंचास 300 ठिपके देऊन मांडला, तर 77 कोटी 76 लाख ठिपके होतात आणि एकेक थर तीन जीबीहून मोठा होतो. मग संगणक अडला, की मुलगा वडिलांकडे नवा मागतो! तोच फलक 72 ठिपक्यांनी मांडल्यास साडेचार कोटींहूनही कमी ठिपके लागतात, आणि रस्त्यावरून पाहणाऱ्यास भेद कळत नाही. यंत्राची अर्धीअधिक मंदगती अशी आपणच निर्माण केलेली असते.

प्रोसेसरविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. ज्यात चित्रशक्ती अंगचीच आहे असा मध्यम प्रतीचा प्रोसेसर पत्रिका, फलक व पुस्तकांच्या कामास पुरतो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड त्रिमितीय चित्रे किंवा चलच्चित्रे करू लागल्यावर पाहावे. लॅपटॉप जवळ बाळगण्यास सोयीचा खरा; परंतु तेवढ्याच पैशात त्याचे बळ कमी आणि त्यात मागाहून भर घालणे कठीण. मात्र आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने टेबलावरच्या संगणकास यूपीएस हवाच.

कार्यालयांतून निघालेला जुना संगणक घेऊन त्यास नवी एसएसडी व नवा पडदा जोडण्यास आमची हरकत नाही. उलट पन्नास हजारांची ऐपत नसेल तर हाच मार्ग शहाणपणाचा. पण एक गोष्ट विचारून घ्यावी. विंडोज 10 ची नियमित देखभाल 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली, आणि कित्येक जुने संगणक विंडोज 11 स्वीकारीत नाहीत. अशांवर लिनक्स घालून काम चालते.

सॉफ्टवेअरचा विषय थोडा नाजूक आहे. काही दुकानांत महागडी सॉफ्टवेअरे चोरून ‘फुकट’ भरून देतात आणि पालकही ती सवलत समजून घेतात. ज्या घरात मूल दुसऱ्याची पेन्सिल उचलून आणीत नाही, त्या घरात हे का चालावे, हे आम्हांस उमगत नाही. इंकस्केप, जिंप, कृता व स्क्रायबस ही सॉफ्टवेअरे कोणासही विनामूल्य, उजळ माथ्याने वापरता येतात. मुंबईच्या एक टाइप या अक्षरकारांच्या संस्थेने मुक्त आणि बलू हे देखणे देवनागरी टाइप सर्वांस खुले केले आहेत. ते युनिकोड पद्धतीचे असल्याने एका संगणकावरील मजकूर दुसऱ्यावर नेताच त्याची लिपी विस्कटत नाही.

हप्त्याने यंत्र घ्यावे काय, असेही विचारले जाते. आपल्याच जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी विमापत्रे तारण ठेवली आणि 1912 साली लंडनहून कॅमेरा आणला, हे खरे. परंतु चित्रपटासाठी भांडवल मागण्यापूर्वी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून दाखविली होती. आमच्या विद्यार्थ्यांनीही तसेच करावे. शाळेच्या किंवा मित्राच्या संगणकावर दोन महिने बसून चार पत्रिका व एक फलक स्वतः मांडावा, आणि तो वडिलांपुढे ठेवून मग पैसे मागावेत. पालकांनीही तोवर ‘नाही’ म्हणू नये.

आणि पडदा घेण्यास जाताना एक छापील लग्नपत्रिका व घरचा एक कांदा पिशवीत टाकावा. त्या दोहोंची उजेडात काढलेली छायाचित्रे दुकानातल्या दोन-तीन पडद्यांवर शेजारी शेजारी उघडावीत, हातातला कांदा पडद्याजवळ धरावा, समोरून पाहावे, मग दोन्ही बाजूंनी पाहावे. दुकानदार हसेल, त्यास हसू द्यावे.