मूर्ती आहे, साचा कुठे गेला?

मंडळी, सणासुदीच्या अंकात कडू बोलतो आहे, राग नसावा. परदेशातल्या आपल्या मंडळांनी हौशी स्वयंसेवकांकडून ढीगभर डिजिटल काम करून घेतलं आणि जपलं ते फक्त त्याचं शेवटचं रूप. याला जपणं म्हणत नाहीत, हेळसांड म्हणतात.

फ्लॅशचंच उदाहरण घ्या. १९९६ साली फ्यूचरस्प्लॅश या नावाने आलेलं हे सॉफ्टवेअर आधी मॅक्रोमीडियाकडे आणि २००५ मध्ये ॲडोबीकडे गेलं. त्यात कुणी गणपतीची हलती शुभेच्छापत्रं केली, कुणी मराठी शाळेसाठी बोलकी बाराखडी. अशा कामाच्या दोन फायली असत. एफएलए ही कारागिराची फाईल: थर, चित्रं, आवाज, मजकूर, सगळं सुटं आणि बदलता येण्याजोगं. एसडब्ल्यूएफ ही प्रेक्षकाची: आटोपशीर, पण थरांची नावं गेलेली, सूचनांचं यंत्रभाषेत रूपांतर झालेलं, आणि फॉन्टातली बहुधा वापरलेली तेवढीच अक्षरं उरलेली. पेणच्या कारखान्यातला साचा आणि आपल्या घरी येणारी मूर्ती यांत जो फरक, तोच हा. मंडळांनी मूर्ती घेतली, साचा कुणी मागितलाच नाही.

मग ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने फ्लॅश प्लेअर बंद केला. १२ जानेवारी २०२१ पासून त्यात काही चालेनासं झालं. ज्यांच्याकडे एफएलए होती, त्यांना ॲनिमेटमधून तेच काम एचटीएमएल५ मध्ये काढता आलं. सूचना नव्याने लिहाव्या लागल्या, पण चित्रं आणि हालचाल वाचली. बाकीच्यांनी हात चोळले.

"आता रफल आहे की!" असं कुणी म्हणेल. आहे, आणि उत्तम आहे. या मोफत प्रोग्रॅममुळे कितीतरी जुन्या एसडब्ल्यूएफ पुन्हा दिसू लागल्या. पण दिसणं वेगळं आणि दुरुस्त करता येणं वेगळं. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत स्थान दिलं. २००४ सालच्या स्वरांच्या धड्यात ते घालायचे, तर रफल काय करणार? तो जुना धडा इमानाने दाखवील, एवढंच. उलटतपासणी करून एसडब्ल्यूएफमधून थोडंफार परत काढणारी साधनं आहेत, पण हाती येतं ते विस्कटलेलं.

दुसरा आक्षेप रास्त आहे: मूळ फाईल करणाऱ्याची, ती मंडळाने का मागावी? फुकट काम करणाऱ्यावर जबरदस्ती नकोच. त्याचं नाव ठेवा, लेखी परवानगी घ्या. पण मुळात विचारा तरी! तो गाव बदलून गेल्यावर, संगणक भंगारात गेल्यावर विचारून उपयोग नाही.

एफएलएही अमरपट्टा घेऊन आलेली नाही. म्हणून चित्रं, ध्वनिफिती आणि वापरलेले फॉन्ट वेगळेही ठेवावेत. त्या काळच्या मराठी अक्षरांना तर युनिकोडपूर्व फॉन्ट लागत. तो हरवला, की मजकूर वाचता येत नाही.

नव्या कार्यकारिणीकडे हिशेबाची वही आणि बँकेचे कागद आपण बिनचूक सोपवतो. त्यांच्याबरोबर मूळ फायलींची एक डिस्क का नाही? दोन प्रती, दोन घरांत. सुरुवात या स्मरणिकेपासूनच करा: पीडीएफ सगळ्यांकडे असेल, मांडणीची मूळ फाईल कुणाकडे आहे, ते पुढच्या सभेत विचारा. उत्तर आलं नाही, तर ठराव तिथेच मांडा.