माळ्यावरचेही सोबत न्या

मुक्त स्रोताचा एखादा प्रकल्प एका सर्व्हरवरून दुसरीकडे निघाला की एक प्रश्न हमखास येतो. ताजा कोड नव्या जागी पोचला, त्याचा इतिहास गिटमध्ये आहे, मग पंधरा वर्षांपूर्वीच्या झिप फायली, टारबॉल, कुणी हात न लावलेल्या आवृत्त्या कशाला वाहून न्यायच्या? हैदराबादेत भाषातंत्रज्ञानात काम करणाऱ्या जाणत्या माणसांकडूनही मी हे ऐकले आहे. बोलणे व्यवहारी वाटते. तरी ते चूक आहे, आणि मराठीसारख्या भाषेचे त्याने फार नुकसान होते.

आधी "गिटमध्ये सगळे आहे" हेच पाहू. गिट जन्मले 2005 मध्ये. भारतीय भाषांचे पायाभूत काम त्याच्या कितीतरी आधीचे. कानपूर आयआयटीत सुरू झालेले 'अनुसारक' हे भाषांतराचे सॉफ्टवेअर नव्वदच्या दशकात हैदराबादेत आले आणि पुढे इथल्या ट्रिपल आयटीत वाढले. मराठी, तेलुगू, कन्नड, बंगाली, पंजाबीतला मजकूर हिंदी वाचकाला समजावा यासाठी ते रचले होते, आणि ते जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुले होते. त्या काळच्या फायली रोमन अक्षरांच्या डब्ल्यूएक्स लिपीत किंवा इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतावलीत असत. असा शब्दकोश नव्या जागी नेला आणि तो वाचणारा जुना रूपांतरक मागे राहिला, तर शब्दकोश हाती असूनही मुका होतो. शिवाय रेपोत, म्हणजे गिटच्या साठ्यात, असतो तो लिहिलेला कोड. लोकांच्या हाती जे पडले ते तयार फॉण्ट, बांधलेली आवृत्ती, तिची सही आणि सोबतचे टिपण बहुधा रेपोबाहेरच्या डाउनलोडच्या कप्प्यात असते, आणि स्थलांतरात मागे राहतो तो नेमका हाच कप्पा.

फॉण्टचे उदाहरण आपल्या घरचे आहे. 'लोहित' मालिकेची मूळ अक्षरे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडची. रेड हॅटने ती 2004 मध्ये जीपीएलखाली खुली केली, 2011 मध्ये ती ओएफएल या फॉण्टांच्या मुक्त परवान्याखाली आली. पूर्वी 'लोहित मराठी' हा वेगळा फॉण्ट होता, नंतर तो 'लोहित देवनागरी'त सामावला. आता कुणी 'लोहित मराठी'त जुळवलेले जुने पुस्तक उघडले तर संगणक त्या नावाचा फॉण्ट शोधतो. तो न मिळाल्यास दुसराच लावतो, ओळी सरकतात, पाने वाढतात आणि शेवटच्या सूचीतले सगळे पृष्ठांक खोटे ठरतात. नवा फॉण्ट जुन्याहून सुबक असेलही, पण त्या पुस्तकाला हवा असतो तोच फॉण्ट आणि तीच आवृत्ती. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक दाखवणारा अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिला गेला आहे. कोणत्या आवृत्तीने तो कसा दाखवला हे पडताळायला जुनी आवृत्तीच लागते.

मला याचा चटका बसला आहे. इथल्या एका मराठी संस्थेचे युनिकोडपूर्व काळात टंकलेले अंक उघडायचे होते. मजकूर होता, फॉण्टचे नाव माहीत होते, रूपांतरकाचे पान मात्र दुसरीकडे हलले होते आणि डाउनलोडची लिंक मेलेली होती. शेवटी एका अनोळखी विद्यार्थ्याने स्वतःच्या हौसेने ठेवलेल्या मिररवर, म्हणजे जशाच्या तशा प्रतींच्या साठ्यावर, ती छोटीशी झिप सापडली. त्या मुलाने ती पुसली असती तर ते अंक पुन्हा हाताने टंकावे लागले असते.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो मी हलका मानत नाही. जुन्या आवृत्तीत भगदाडे असतात, नवखा माणूस तीच उतरवून बसतो. पण फायली नाहीशा केल्याने मागणी थांबत नाही. अधिकृत प्रत मिळाली नाही की माणूस मिळेल तिथून घेतो. गिम्प या चित्रसंपादकाने 2013 मध्ये सोर्सफोर्ज हे डाउनलोडचे संकेतस्थळ सोडले. 2015 मध्ये त्याच सोर्सफोर्जवर मागे राहिलेल्या विंडोजच्या गिम्पला तिसऱ्याच कंपन्यांच्या जाहिरातींचे वेष्टण चढवलेले आढळले. जुने घर उघडे टाकून गेल्यावर असे होते. जुन्या आवृत्त्या मुख्य पानापासून दूर, 'जुनी, वापरासाठी नव्हे' अशा ठळक पाटीखाली, मूळ सहीसह आणि चेकसमसह ठेवा. खरी प्रत कोणती हे सांगता येणे हीच सुरक्षितता आहे.

खर्चाच्या आक्षेपावर फार बोलण्यासारखे नाही. असे टारबॉल बहुधा काही मेगाबाइटचेच असतात.

"इंटरनेट आर्काइव्ह करीलच की" हा शेवटचा युक्तिवाद मात्र हैदराबादकराने तरी करू नये. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचे स्कॅनिंग ज्या मोठ्या केंद्रांत झाले त्यांत इथली ट्रिपल आयटी होती. संगणकशास्त्रज्ञ राज रेड्डींच्या दहा लाख पुस्तकांच्या स्वप्नातून आलेले हे काम. पुढे मूळ संकेतस्थळ बंद झाले. आज त्यातली हजारो मराठी पुस्तके आपण वाचतो, कारण सार्वजनिक माहिती खुली करण्यासाठी झटणाऱ्या कार्ल मालामुद यांनी आधीच चार लाखांहून अधिक पुस्तकांची प्रत इंटरनेट आर्काइव्हवर नेऊन ठेवली होती. शीर्षकांचे रोमन स्पेलिंग चुकलेले, मधली पाने गळालेली, तरी पुस्तके आहेत. त्यांच्या ओळखक्रमांकात जुन्या घराचे 'अर्नेट' आणि 'डीएलआय' हे शब्द तसेच राहिले, म्हणून जुन्या संदर्भावरून आजही माग काढता येतो. पण हे एका माणसाने वेळेवर केले म्हणून घडले. आणि 2024 च्या ऑक्टोबरात खुद्द इंटरनेट आर्काइव्हवर हल्ला होऊन ते कित्येक दिवस बंद होते. एकुलती एक प्रत म्हणजे जतन असे मी मानत नाही.

डिजिटल लायब्ररीच्या वेळी स्वामित्वहक्काचा प्रश्न उठला, आणि पुस्तकांच्या बाबतीत तो रास्त होता. मुक्त सॉफ्टवेअरला ती अडचण नाही. प्रत काढायची, वाटायची परवानगी परवान्यातच लिहिलेली आहे. जीपीएलची दुसरी आवृत्ती तर तयार प्रोग्रॅम वाटणाऱ्यावर स्रोत देण्याचे बंधनच घालते.

म्हणून माझे म्हणणे असे. जुन्या फायलींचा मिरर हलवणाऱ्यानेच करावा, हलवण्याआधी करावा, फायलींची नावे जशीच्या तशी ठेवून करावा आणि निदान दोन वेगळ्या संस्थांकडे करावा. जुना पत्ता शक्य तितकी वर्षे नव्याकडे वळवावा. हे जमते. गूगल कोड 2016 मध्ये बंद झाले तरी गूगलने त्यातले कोड, तक्रारी आणि डाउनलोड वाचता येतील असे ठेवले. फ्रान्समधल्या इन्रिया संस्थेत सुरू झालेले सॉफ्टवेअर हेरिटेज तर जगभरचा स्रोत याचसाठी गोळा करते आहे. फेडोरा या लिनक्स प्रकल्पाचे फेडोराहोस्टेड हे कोडघर 2017 मध्ये बंद झाले तेव्हा लोहितचे टारबॉल त्याच्याच पागुरे या नव्या कोडघरावर आले.

आता फेडोराने पागुरे सोडून फोर्जेजो या दुसऱ्या कोडप्रणालीकडे जायचे ठरवले आहे. लोहितचे बिऱ्हाड पुन्हा हलणार. ते टारबॉल मी उतरवून घेतले आहेत, चेकसम लिहून ठेवले आहेत, आणि एक प्रत पुण्यातल्या मित्राकडे पाठवली आहे.