विंचवाला घाबरतो, मग छातीतल्या कळेला का नाही?



आमच्या महाड-पोलादपूरकडे विंचू चावला की कुणी विचार करत बसत नाही. रात्री दोनला सुद्धा गाडी निघते. लाल विंचवाचं विष हृदयावर जातं, फुप्फुसात पाणी भरतं, हे आता शेतावरच्या आजीलाही ठाऊक आहे. त्यावर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरून ज्यांनी असंख्य जीव वाचवले, ते डॉ. हिंमतराव बावस्कर इथे महाडलाच रुग्ण तपासत आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मग माझा सवाल आहे: विंचवासाठी निघणारी गाडी पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या हृदयासाठी का निघत नाही?

गेल्या पर्युषणात माझ्या मोठ्या जाऊबाईंनी अठ्ठाई धरली होती. वय छप्पन्न. दुसऱ्या दिवसापासून जबडा दुखत होता, पाठ जड, उपाश्रयाचा जिना चढताना धाप. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, "उपवासाचं पित्त असेल." बीपीची गोळी त्यांनी आधीच बंद केली होती, तप मोडेल म्हणून. तिसऱ्या रात्री त्या घामाने चिंब झाल्या, तेव्हा गाडी काढली. हार्ट अटॅक होता. त्या वाचल्या, पण हृदयाचा थोडा भाग कायमचा गेला. त्या उशिराची दोषी मीही आहे.

म्हणून आज आपल्या तीन लाडक्या समजुतींवर बोलणार आहे. राग आला तर येऊ दे.

पहिली, "हार्ट अटॅक पुरुषांचा आजार." पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन रक्तवाहिन्यांना बरंच सांभाळतं. पाळी गेली की ते आवरण जातं, वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, रक्तदाब चढू लागतो. आणि बाईला छातीत कळ येतेच असं नाही. धाप, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, विनाकारण थकवा, एवढंच दिसू शकतं. आपण त्यावर ओवा चावतो.

दुसरी, "आपण शाकाहारी, आपल्याला काय होतंय?" आठम-चौदसला हिरवी भाजी नाही, म्हणून ताटात काय येतं? पापड, गाठिया, शेवेची भाजी, लोणचं. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम चमचाभर मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपलं तेवढं दुपारपर्यंतच होतं. मूग, मटकी, चणे तिथीलाही चालतात, ते का नाही शिजवत?

तिसरी, "गोळी घेतली तर तप मोडतं." पच्चक्खाणाच्या पाठात आगार कशाला ठेवलेत? समाधी ढळत असेल तर औषधाची सवलत त्यातच आहे. महाराजसाहेबांना विचारा. आणि तप धरण्याआधी डॉक्टरांनाही विचारा. मुंगी वाचवायला आपण पुंजणी फिरवतो. स्वतःच्या देहात जीव नाही का?

आमच्या एमआयडीसीत रासायनिक कारखान्यातल्या धोक्याच्या कामावरच्या माणसाची वर्षातून एकदा तरी वैद्यकीय तपासणी व्हावी, असा कायदा आहे. त्याचा डबा पहाटे पाचला भरणाऱ्या बाईसाठी कोणताही कायदा नाही. तो आपणच करायचा.

माझी मंडळाकडे एकच मागणी आहे. यंदा पर्युषणाच्या आधी एक सकाळ उपाश्रयात बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉलच्या तपासणीला द्या. पंचेचाळिशीपुढच्या प्रत्येकीची. तपस्विनीच्या वरघोड्यावर आपण एवढा खर्च करतो, हा त्याच्यापुढे काहीच नाही.

आणि जबडा दुखून घाम फुटला, धाप लागली, तर सामायिक संपायची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. सासूबाईंनाही आजच सांगून ठेवा.

जाऊबाई आता रोज सकाळी अर्धा तास चालतात, गोळी चुकवत नाहीत. त्यांनीच मला म्हटलं, "लिही गं, माझं नाव नको घालू, पण लिही."

मिच्छामि दुक्कडम्.