घर एक, थायरॉईडचे आजार दोन

गेल्या पावसाळ्यात माझ्या माहीमच्या दवाखान्यात एक बाई आपल्या धाकट्या मुलीला घेऊन आल्या. मुलीची छाती धडधडत होती, हात कापत होते, भूक असूनही वजन उतरत चालले होते. "डॉक्टर, हिलाही थायरॉईड निघाला. म्हणून मोठीच्याच गोळ्या हिला सुरू केल्या, पण त्रास वाढतोच आहे," बाई म्हणाल्या. मोठीची ग्रंथी मंद होती. तिची गोळी ती उणीव भरून काढणारी. धाकटीची ग्रंथी आधीच बेफाम झालेली. तिला ती गोळी म्हणजे आगीत तेल!

बाईंना दोष कसा द्यावा? "तुम्हाला थायरॉईड आहे" एवढेच सांगून मोकळे होण्याची सवय आम्हा डॉक्टरांचीच. थायरॉईड हे गळ्यातील ग्रंथीचे नाव आहे, आजाराचे नव्हे. रुग्णाच्या हाती आजाराचे पूर्ण नाव लिहून दिलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या दोन्ही आजारांत शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ साली वर्णन केलेल्या आजारात रक्तातील प्रतिपिंडे ग्रंथीची कळ जणू सतत दाबून धरतात आणि ती जादा स्राव सोडते. जपानच्या हकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली वर्णन केलेल्या आजारात पांढऱ्या पेशी ग्रंथीत शिरून तिला हळूहळू निकामी करतात.

मग सख्ख्या बहिणींत दोन वेगळे आजार कसे? याचे उत्तर जनुकांत आहे. एचएलए, सीटीएलए-४ यांसारखी संरक्षक यंत्रणेची जनुके दोन्ही आजारांत भाग घेतात. म्हणून हे आजार एकाच कुटुंबात आढळतात. परंतु ज्या कळीवर ग्रेव्ह्जची प्रतिपिंडे बसतात, तिच्या जनुकातील फरकांचा संबंध मुख्यतः ग्रेव्ह्जशीच दिसून आला आहे. थोडक्यात, जमीन सामाईक, पण बी वेगळे.

तरीही जनुके म्हणजे ललाटरेषा नव्हे. डेन्मार्कमधील जुळ्यांच्या अभ्यासात (२००१) एका जुळ्याला ग्रेव्ह्ज असता तंतोतंत सारखी जनुके असलेल्या दुसऱ्यालाही तो होण्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्केच आढळले. बाकीचा वाटा धूम्रपान, आयोडीनचे कमीजास्त प्रमाण, बाळंतपण अशा गोष्टींचा. ग्रेव्ह्जच्या रुग्णाने सिगारेट ओढली तर डोळ्यांचा विकार बळावतो, हे तर पक्के ठाऊक आहे.

हल्ली थुंकीवरून जनुकांची तपासणी करून भविष्य सांगणाऱ्या जाहिराती दिसतात. या आजारांसाठी त्यावर पैसे खर्च करू नयेत. युरोपीय लोकांत जी एचएलए जनुके धोक्याची ठरली, तीच जपानमध्ये ठरली नाहीत. मग परक्या कोष्टकावरून आपले भाकीत कसे करणार? त्यापेक्षा आई, बहीण, मावशी यांपैकी कोणाला हा विकार असेल, तर लक्षणे दिसताच आणि बाळाचा विचार करताना टीएसएचची साधी रक्त तपासणी करावी. मुंबईसह आठ शहरांच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी जवळजवळ ११ टक्के लोकांची ग्रंथी मंद आढळली होती. म्हणजे हा काही दुर्मिळ विकार नव्हे.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. "मुलीला थायरॉईड आहे" म्हणून जमलेली लग्ने मोडतात, मुली गोळ्या लपवून खातात. हे सर्वस्वी चूक आहे. दोन्ही आजारांवर खात्रीचे उपचार आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राचे परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली सुरू झाले. किरणोत्सारी आयोडीनचे उपचार आपल्या शेजारीच होत आले आहेत. मात्र गरोदरपणात हा उपचार वर्ज्य असतो आणि गोळ्यांचे प्रमाण, कधी औषधही बदलावे लागते. लपवाछपवीत धोका आहे तो इथेच.

धाकटी आता बरी आहे. दोघी बहिणींच्या गोळ्यांचे डबे वेगळे झाले आहेत, आणि प्रत्येकीच्या डब्यावर तिच्या आजाराचे नाव आईने स्वतः लिहिले आहे. तुमच्या घरातही दोघांना "थायरॉईड" असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढेच विचारा : कोणता?