आतली बाजू दाखवा

फायबरग्लासची बॉडी विकणारा आधी बॉनेटवरून हात फिरवतो. बघा, कशी आरशासारखी आहे! आहेच. पण ती चकाकी साच्याची आहे. साचा घासून, मेण लावून गुळगुळीत केला की त्यात पहिल्यांदा बसणारा जेलकोट चमकणारच. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. गाडी पेलतात ते त्यामागचे राळेचे आणि काचतंतूंचे थर. त्यांच्याबद्दल ही चमक अवाक्षर काढत नाही.

कॅलिफोर्नियातल्या ब्रूस मेयर्स यांचे उदाहरण बोलके आहे. मूळचे बोटी बांधणारे. १९६४ साली त्यांनी मेयर्स मँक्स ही बग्गी काढली. पुढे तिची बॉडी आखूड केलेल्या बीटलच्या तळावर चढू लागली आणि नकलांचे पीकच आले. मेयर्स कोर्टात गेले. पेटंट टिकले नाही. नक्कल सोपी होती. एक बॉडी आणायची, तिच्यावरूनच साचा काढायचा. पण साच्यात उतरतो फक्त बाहेरचा आकार. आत किती थर द्यायचे, हे साचा सांगत नाही. ते ज्याच्या त्याच्या दानतीवर.

तेव्हा आत बघा. बॉनेटच्या खाली, चाकांच्या कमानीत, डिकीत. पांढुरके, कोरडे तंतू दिसले तर तिथे राळ मुरलेलीच नाही. नुसत्या राळेचा गोळा थिजलेला असेल तर तो भाग ठिसूळ. नाण्याने ठोकत जा. आवाज मध्येच बद्द झाला तर थर सुटल्याची शंका घ्या. बिजागऱ्या आणि बोल्ट जिथे येतात तिथे जाडी वाढवलेली हवी, नाहीतर आत धातूची पट्टी हवी. नव्या बॉडीला राळेचा उग्र वास सुटला असेल तर ती अजून पुरती पिकलेली नाही.

आणि आतून जाड काळा रंग फासलेला असेल तर? जुन्या गाडीत ते समजू शकते. पण साच्यातून नुकत्याच निघालेल्या, अजून चाकेही न लागलेल्या बॉडीला आतून रंगवण्याची एवढी घाई कशासाठी? हा प्रश्न विकणाऱ्यालाच विचारा. रंग न दिलेली बॉडी दाखवायला तो तयार नसेल, तर पैसे खिशातच राहू द्या.