मदरबोर्डची गुणपत्रिका कशी वाचावी?



दहावी-बारावीचे निकाल लागतात, प्रवेश होतात आणि अनेक घरांत एक नवा विषय निघतो. मुलगी आर्किटेक्चरला जाते, मुलगा ॲनिमेशन किंवा इंजिनिअरिंगला. मग "साधा कॉम्प्युटर नाही चालणार, वर्कस्टेशन लागेल" असं ऐकू येतं. दुकानदार कोटेशन देतो. त्यात प्रोसेसरचं पूर्ण नाव असतं, रॅम किती ते असतं, ग्राफिक्स कार्डाचा तर थाटच वेगळा. मदरबोर्डच्या ओळीत मात्र बऱ्याचदा नुसतं कंपनीचं नाव आणि किंमत. लाख-दीड लाखाची खरेदी ज्या एका पाटीवर उभी राहणार, तिची एवढीच ओळख!

माझं मत असं, की मदरबोर्डची निवड खोक्यावरची वैशिष्ट्यं मोजून करू नये. त्याच्या मर्यादा कुठे आहेत आणि त्या आपल्या कामाच्या आड येतात का, हे बघून करावी. वर्गात आपण नुसत्या एकूण गुणांवरून मूल जोखत नाही, कुठे अडतं ते बघतो. इथेही तसंच करायचं.

बोलण्याला आधार म्हणून एक खरा बोर्ड घेऊ या: आसुसचा प्रो डब्ल्यूएस एक्स ५७०-एस. हा २०१९ सालचा, एएमडीच्या रायझन प्रोसेसरसाठी बनवलेला वर्कस्टेशन बोर्ड आहे. मुद्दाम जुना निवडला, म्हणजे कुणाला ही जाहिरात वाटायला नको. आकार एटीएक्स, म्हणजे ३०५ × २४४ मिलिमीटर. हे माप इंटेलने १९९५ मध्ये ठरवलं आणि आजही चालतं. काही हजारांचा बोर्ड आणि लाखाच्या घरातला बोर्ड अनेकदा याच मापाचे असतात, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही.

पहिला विषय : रस्ते

बोर्डवर माहितीची ये-जा पीसीआय एक्सप्रेसच्या मार्गिकांवरून होते. हमरस्त्याला लेन असतात ना, तसंच समजा. चौथ्या पिढीच्या एका लेनवरून एका दिशेने सेकंदाला साधारण २ गिगाबाइट माहिती जाते. आपल्या या बोर्डवरच्या रायझन प्रोसेसरकडे अशा २४ लेन असतात. १६ ग्राफिक्स कार्डासारख्या मोठ्या कार्डांसाठी, ४ वेगवान एसएसडीसाठी आणि उरलेल्या ४ चिपसेटकडे जाणाऱ्या. चिपसेट म्हणजे बोर्डवरचं दुसरं नाकं. सॅटा, नेटवर्क, बरेचसे यूएसबी हे सगळे तिथूनच पुढे येतात.

आता या बोर्डचं मोठं वैशिष्ट्य बघा. यावर लांब स्लॉट तीन आहेत. पहिल्या दोन स्लॉटना प्रोसेसरकडून मिळून १६ लेन मिळतात. दोन कार्डं लावली की त्या आठ-आठ अशा वाटल्या जातात. तिसऱ्या स्लॉटला चिपसेटकडून ८ लेन मिळतात. म्हणजे तीन कार्डं, प्रत्येकाला आठ लेन. साध्या बोर्डवर तिसऱ्या स्लॉटला बहुतेक वेळा चारच मिळतात. ऐकायला छान वाटतं, आणि रचना खरोखरच हुशारीची आहे.

पण गुणपत्रिका नीट वाचा. तिसऱ्या स्लॉटकडून चिपसेटपर्यंत रस्ता आठ लेनचा आहे, आणि चिपसेटपासून प्रोसेसरपर्यंतचा पूल फक्त चार लेनचा. शिवाय डिस्क आणि नेटवर्कची वाहनंही त्याच पुलावर. एखादं कार्ड थोडं थोडं काम करत असेल तर काहीच अडणार नाही. तिन्ही कार्डांवर एकाच वेळी जड माहितीचा मारा होत असेल, तर तिसरं कार्ड पुलाच्या तोंडाशी ताटकळणार.

यात कंपनीची लबाडी नाही. प्रोसेसरकडेच तेवढ्या लेन आहेत, बोर्ड नव्या जन्माला घालू शकत नाही. ज्यांना खरंच जास्त लागतात, त्यांच्यासाठी थ्रेडरिपर प्रोसारखी वेगळी जात आहे. तिच्या डब्ल्यूआरएक्स ८० बोर्डांच्या पिढीत प्रोसेसरकडे १२८ लेन आणि रॅमचे ८ मार्ग असतात. किंमतही त्याच मापात चढते.

ही गोष्ट खोक्यावर दिसत नाही. ती मॅन्युअलमध्ये असते, काही मॅन्युअलमध्ये ब्लॉक डायग्रामच असतो. कंपनीच्या साइटवर मॅन्युअल फुकट मिळतं. पैसे देण्याआधी ते उघडाच. कोणता स्लॉट वापरला की कोणता बंद पडतो किंवा अर्धा होतो, याचा तक्ता त्यात असतो. माझ्या मते बोर्डबद्दलची सगळ्यात प्रामाणिक माहिती त्या तक्त्यातच असते.

दुसरा विषय : स्मरणशक्ती

साध्या रॅममध्ये चुकून एखादा बिट उलटला, म्हणजे ० चा १ झाला, तर संगणकाला ते कळतही नाही. बेल्जियममधल्या स्खारबेक इथे २००३ च्या निवडणुकीत एका उमेदवाराच्या खात्यावर ४०९६ मतं जादा दिसली. शक्यच नसलेला आकडा आल्यामुळे चूक पकडली गेली. ४०९६ म्हणजे २ चा १२ वा घात, म्हणून एकच बिट आपोआप उलटला असावा, असं तिचं स्पष्टीकरण दिलं गेलं.

आपल्या भाषेत सांगायचं तर ३५ गुण घ्या. ३५ म्हणजे ३२ + २ + १. यातला ३२ चा बिट उलटला तर उरले ३! काठावर पास झालेलं मूल थेट नापास. आणि ३ हा आकडा अशक्यही नाही, त्यामुळे कुणाला शंका यायची नाही.

यावरचा उपाय म्हणजे ईसीसी रॅम. ६४ बिटांसोबत तपासणीचे ८ बिट जादा ठेवले जातात. एक बिट चुकला तर तो दुरुस्त होतो, दोन चुकले तर निदान कळतं. डीडीआर-४ च्या पट्टीवर एका बाजूला आठऐवजी नऊ चिप दिसल्या तर ती बहुधा ईसीसी. मुलांना मोजायला लावा, आवडतं त्यांना.

आपला बोर्ड १२८ गिगाबाइटपर्यंत रॅम घेतो आणि ईसीसी चालवतो. पण इथेही अटी आहेत. अंगभूत ग्राफिक्स असलेल्या, नावात 'प्रो' नसलेल्या रायझनवर ईसीसी चालत नाही. जुन्या सर्व्हरमधून निघालेली स्वस्त 'रजिस्टर्ड' रॅम खाचेत बसेल, पण संगणक सुरू होणार नाही. इंटेलकडे जायचं तर बाराव्या पिढीच्या कोअर प्रोसेसरना ईसीसीसाठी डब्ल्यू ६८० चिपसेटचाच बोर्ड लागतो. आणि "डीडीआर-५ मध्ये ईसीसी असतंच की" असं कुणी म्हणालं तर थांबवा. ती सोय चिपच्या आतल्या चुकांपुरती आहे. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवरची चूक ती पकडत नाही.

नुसत्या वेगावर भाळू नये, याचं एक मोठं उदाहरण आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने २००३ मध्ये ॲपलचे ११०० पॉवर मॅक जी ५ जोडून महासंगणक उभारला. त्या नोव्हेंबरच्या जागतिक यादीत तो तिसरा आला. पण त्या यंत्रांत ईसीसी नव्हतं. २००४ मध्ये सगळी यंत्रं काढून ईसीसी असलेले एक्ससर्व्ह बसवले गेले.

तिसरा विषय : वीज आणि उष्णता

दहावीच्या विज्ञानातलं सूत्र आठवा: शक्ती = विभवांतर × विद्युतधारा. पॉवर सप्लायकडून बोर्डला १२ व्होल्ट मिळतात, पण प्रोसेसरला साधारण १.२ व्होल्टच लागतात. प्रोसेसर १२० वॉट घेत असेल तर १२ व्होल्टला धारा १० अँपिअर, आणि १.२ व्होल्टला तीच १०० अँपिअर! हे रूपांतर करणारा भाग म्हणजे व्हीआरएम, प्रोसेसरच्या खाचेभोवतीचे छोटे चौकोनी तुकडे. एवढी धारा म्हणजे उष्णता आलीच.

गेम खेळताना हा भार चढ-उतार करतो. रेंडरिंगला लावून मुलगी झोपली, तर तो रात्रभर चढलेलाच असतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बाहेरच ४५ अंश असतात, तिथे खोलीत काय होत असेल विचार करा. म्हणून व्हीआरएमवर नुसतं चकचकीत झाकण नको, धातूचा जड, पंख्यांसारख्या पात्यांचा हीटसिंक हवा. एक्स ५७० च्या बहुतेक बोर्डांवर चिपसेटसाठीही छोटा पंखा असायचा. आपल्याकडच्या धुळीत तो दर काही महिन्यांनी साफ करावा लागणार, हेही हिशोबात धरा.

चौथा विषय : अडचणीत वागणं कसं

काही पडल्या-बिघडल्यावर बोर्ड आपल्याला किती मदत करतो? आपल्या या बोर्डवर दोन नेटवर्क पोर्ट आहेत. त्यातल्या एका पोर्टमधून दूरच्या दुसऱ्या संगणकावरून यंत्र चालू-बंद करता येतं आणि त्याच्यावर नजर ठेवता येते. शाळेच्या लॅबमध्ये, जिथे एकच जाणकार शिक्षक तीन खोल्या सांभाळतो, तिथे ही सोय रंगीत दिव्यांपेक्षा शंभरपट मोलाची आहे. काही बोर्डांवर दोन अंकी कोड दाखवणारी खिडकी असते, त्यामुळे संगणक नेमका कुठे अडला ते कळतं.

मांडणीही बघा. आजची ग्राफिक्स कार्डं दोन-तीन स्लॉटची जागा खातात, त्यामुळे कागदावर असलेला खालचा स्लॉट प्रत्यक्षात झाकला जातो. ग्राफिक्स कार्ड न काढता एसएसडी बदलता येते का? बायोसचं शेवटचं अपडेट कधी आलं? आणि वॉरंटीचं केंद्र आपल्या जिल्ह्यात आहे, की पुण्या-मुंबईला पाठवावं लागतं?

मग घ्यावा का?

इथे माझं उत्तर कदाचित तुम्हाला अनपेक्षित वाटेल. बहुतेक घरांना वर्कस्टेशन बोर्डची गरज नाही. एक ग्राफिक्स कार्ड, दोन एसएसडी आणि कॉलेजचे प्रोजेक्ट यासाठी चांगल्या हीटसिंकचा मध्यम बोर्ड पुरतो. वाचलेल्या पैशांतून यूपीएस घ्या, नीट अर्थिंग करून घ्या आणि बॅकअपसाठी बाहेरची एक डिस्क घ्या. ईसीसी रॅम बॅकअपचं काम करत नाही. डिस्कच गेली तर ती काय करणार?

पण तीन ठिकाणी तो घ्यावाच असं मी म्हणेन. जिथे दिवसरात्र गणित चालतं. जिथे दोन-तीन कार्डं खरोखर लागतात. आणि जिथे एकाच यंत्रावर अनेकांची माहिती असते, मग तो संस्थेचा सर्व्हर असो की शाळेच्या निकालाचा संगणक. तिथे चूक एकाची आणि शिक्षा दुसऱ्याच मुलाला, असं व्हायला नको.

शिक्षकांना एक सुचवणं. भंगारवाल्याकडून एक बंद पडलेला बोर्ड आणा, त्यावरची नाण्यासारखी सीआर २०३२ बॅटरी काढून घ्या आणि गटात द्या. मुलांना स्लॉट शोधू द्या, कपॅसिटरची डोकी फुगली आहेत का ते बघू द्या, आणि त्याच मॉडेलचं मॅन्युअल समोर ठेवून ताळा करू द्या. पॉवर सप्लायचा डबा मात्र मुलांना कधीही उघडू देऊ नका.

आणि पालकहो, दुकानात जाल तेव्हा एवढंच विचारा: बोर्डचं पूर्ण मॉडेल काय? दुसरं कार्ड लावलं तर पहिल्याच्या किती लेन उरतात? ईसीसी या प्रोसेसरसकट चालतं का? बिघडला तर कुठे नेऊ? उत्तरं मिळाली तर आनंद आहे. "काही काळजी करू नका, सगळं चालतं" असं उत्तर आलं, तर त्या दिवशी कोटेशन घडी करून खिशात ठेवा आणि घरी येऊन मुलांसोबत मॅन्युअल उघडा. त्या यंत्रावर पुढची पाच वर्षं त्यांनाच काम करायचं आहे, तेव्हा निवडतानाही ती सोबत असू द्यात.